आमच्या घरची बैठक

आमच्या घरात सतरंजी एकच होती आणि ती बहुतेक वेळा भैरवगढला असायची. पाहुणे आले की बाबा चादर अंथरत आणि हसून सांगत, सतरंजी ड्यूटीवर गेली आहे. आई भैरवगढच्या छिप्यांच्या मोहल्ल्यात, म्हणजे कापडावर ठप्प्यांनी छपाई करणाऱ्यांच्या वस्तीत, बायकांच्या बैठका घेऊन त्यांची संघटना बांधायचं काम करायची. काम म्हणजे नोकरी नव्हे, हे मला शाळेत दरवर्षी समजावून सांगावं लागे. फॉर्मवर आईच्या व्यवसायापुढे काय लिहायचं यावर घरात एकमत नव्हतं. बाबा ‘गृहिणी’ लिही म्हणत, आई ‘कार्यकर्ती’ म्हणे, आणि मी आदल्या वर्षी जे लिहिलं नसेल ते लिहून टाकत असे. वर्गशिक्षिका फॉर्म वाचून चष्म्यावरून माझ्याकडे बघत आणि पुढच्या मुलीचा फॉर्म घेत.

उज्जैनच्या फ्रीगंज भागात एका दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहत होतो. खालून दिवसभर खोकल्याचे आवाज यायचे, कंपाउंडर नावं पुकारायचा, आणि टॉवरच्या घड्याळाचे टोले पडायचे. शाळेतून आले की किल्ली माझ्याच गळ्यात असे. दार उघडलं की सकाळच्या स्टोव्हचा रॉकेलचा वास अजून खोलीत असायचा. ओट्यावर दोन ताटल्यांच्या मध्ये पोळ्या, कढईत भाजी, आणि कढईखाली चिठ्ठी. चिठ्ठीत आई माझ्याशी फार छान बोलायची. ‘वरणाला फोडणी दिलेली नाही, तुला हवी तशी दे.’ ‘काकडी आणली आहे. कोशिंबीर करायची की नुसती खायची, ते तू बघ.’ माझ्या मैत्रिणींच्या आया त्यांना सारख्या हे कर, ते करू नकोस म्हणून ओरडत, आणि मैत्रिणी त्याला कंटाळलेल्या असत. मी मात्र ‘मुकाट्याने कोशिंबीर कर’ अशी एखादी चिठ्ठी मिळावी म्हणून तळमळत असे. दहा वर्षांच्या मुलीला फोडणीचा निर्णय घ्यायचा नसतो हो. तिला कोणीतरी फोडणी दिलेलं वरण हवं असतं.

जेवण झाल्यावर मी उशांची बैठक भरवायची. घरातल्या चार उशा आणि बाबांचा लोड भिंतीला टेकवून बसवायची आणि त्यांना आईसारखं विचारायची, ‘बोला, आप लोगों को क्या लगता है?’ मग हात मांडीवर ठेवून थांबायची. उशा काही बोलत नसत. खाली कंपाउंडर कोणाचं तरी नाव पुकारी. कधी कधी मी इतका वेळ थांबायची की तिथेच डोळा लागायचा, आणि सहाला बाबा बँकेतून आले की दारावर थाप मारून मारून थकायचे. आज माझी नात तिच्या बाहुल्यांना शाळा शिकवते, छडीसुद्धा दाखवते, तेव्हा मला तिचा जरा हेवाच वाटतो.

बाबांचं घराणं उज्जैनचंच. कोणी पूर्वज शिंद्यांच्या दरबारात कारकून होते म्हणे, आणि त्या कारकुनीचा अभिमान आमच्या आत्यांना अजून आहे. बाबा मराठी बोलता बोलता कधी हिंदीत शिरत ते त्यांनाच कळत नसे. रविवारी स्वतः बाफले, म्हणजे उकडून भाजलेले कणकेचे गोळे, करत, पातळ डाळीवर तुपाची धार धरत आणि म्हणत, ‘आता बोल, कोणाला सातारा पाहिजे?’ हा टोमणा आईला असे. आई लग्न होऊन साताऱ्याकडून आलेली. सुरुवातीला तिला हिंदी धड येत नव्हतं, म्हणून ती बैठकीत गप्प बसते, असा फ्रीगंजातल्या मराठी बायकांचा समज होता. खरं कारण वेगळं होतं. पहिल्या वर्षी आई भैरवगढला गेली तेव्हा ती भरपूर बोलायची. बायका मान डोलवत, ‘ताई बिलकुल सही बोल रही है’ म्हणत आणि पुढच्या बैठकीला येत नसत. तेव्हा तिने स्वतःपुरता एक नियम केला. आपण फक्त विचारायचं. आपल्याला काय वाटतं ते सांगायचं नाही. सगळ्या बोलून झाल्यावर गरज उरली तर बोलायचं, आणि गरज सहसा उरत नाही.

सुट्टीच्या दिवशी ती मला सोबत न्यायची. टेम्पोतून उतरलं की आधी आवाज यायचा, लाकडी ठप्पा कापडावर ठेवून त्यावर मुठीने मारल्याचा. गल्लीच्या प्रत्येक घरातून तो यायचा आणि प्रत्येक घराची चाल वेगळी असे. ठप्पे पुरुष मारत. कापड रंगवणं, उकळणं, क्षिप्रा नदीवर नेऊन धुणं, वाळवणं आणि बाटिकचं मेण लावणं हे बायकांचं. त्यांची नखं कायमची लाल-निळी असत. सगळ्यांत उंच रबिया बी. नवरा गेलेला, चार पोरी, आणि बोलणं असं की समोरच्याने दोन पावलं मागे जावं. पण बैठकीत तीही आधी गप्पच. आई विचारायची आणि थांबायची. मिनिट जायचं, दोन मिनिटं जायची. कोणी खाकरायचं, कोणी लेकराला पदराखाली घ्यायचं. मला ती शांतता असह्य होई, ओरडावंसं वाटे. आई मात्र चेहऱ्यावरची रेष न हलवता बसून राहायची, आणि शेवटी कोपऱ्यातून कोणीतरी, जिच्याकडून अपेक्षा नाही अशी, बोलायला लागायची. तशी ती बोलू लागली की आईच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मी घरी कधी पाहिलं नव्हतं. मला त्या बायकांचा मत्सर वाटायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही.

त्यांचं म्हणणं साधं होतं. सरकारचं कारीगराचं कार्ड घरातल्या पुरुषाच्या नावाने निघे. कार्ड असलं तरच सरकारी मेळ्यात दुकान लावता येई. रबिया बीचा नवरा गेला, त्याबरोबर कार्ड गेलं, आणि जे कापड ती वीस वर्षं रंगवत होती ते मेळ्यात विकायला तिला दिराच्या हातापाया पडावं लागे. बायकांना स्वतःच्या नावाचं कार्ड हवं होतं. उज्जैनच्या ऑफिसात सांगत, नियम भोपाळहून येतो. म्हणून दोन वर्षं कागद गोळा करून, अर्ज करून, पुन्हा अर्ज करून आईने भोपाळच्या एका मोठ्या साहेबांची भेट मिळवली होती. बायका स्वतः जाऊन बोलणार होत्या. तारीख ठरली, आणि त्याच आठवड्यात बाबांच्या बदलीचा कागद आला. जबलपूर.

बाबांनी तो कागद जेवताना ताटाशेजारी ठेवला. मी नुकतीच दहावी झाले होते. सगळ्यांनी मिळून जायचं, असं त्यांना वाटत होतं, आणि आई येणार नाही हेही त्यांना माहीत होतं. भांडण झालं नाही. आमच्याकडे भांडणं होत नसत, आणि मला वाटतं तीच आमची अडचण होती. दोन-तीन दिवस दोघं भाजीच्या, दुधाच्या गोष्टी बोलत राहिले. मग एका सकाळी बाबा दाढी करता करता म्हणाले की मनूचं काय ते तरी ठरवायला पाहिजे, कॉलेजचे फॉर्म भरायचे आहेत. आई म्हणाली, ‘तिलाच विचारू. रविवारी बसू.’

त्या रविवारी सतरंजी घरी आली. आईने ती झटकून पुढच्या खोलीत अंथरली, आणि आम्ही तिघं तिच्यावर तीन कोपऱ्यांत बसलो. बाफले शेगडीवर होते, पण बाबांचं लक्ष नव्हतं. आईने नेहमीसारखी आधी सगळी माहिती सांगितली. जबलपूरला चांगलं कॉलेज आहे. इथेही आहे. तिथे बाबा एकटे असतील. इथे मी दिवसभर बाहेर असेन. कुठलंही वाक्य दुसऱ्यापेक्षा जड नव्हतं, तिने ती सगळी नीट तोलून आणली होती. मग ती मला म्हणाली, ‘तुला काय वाटतं मनू?’ आणि हात मांडीवर ठेवून थांबली.

मला राहायचं होतं. मला आईजवळ राहायचं होतं, ती दिवसभर बाहेर असली तरी, चिठ्ठ्या लिहिल्या तरी. पण त्याहून जास्त मला असं हवं होतं की तिने म्हणावं, तू कुठे जायचं नाहीस. एकदा तरी तिने माझ्याकडे काही मागावं. ती शांतता पसरायला लागली आणि मला भीती वाटली की ही मिनिटभर, दोन मिनिटं थांबेल आणि मी रडेन. आणि मग डोक्यात एक चलाखी आली. आपण जाते म्हणायचं. मग तिला बोलावंच लागेल.

‘मी बाबांबरोबर जाते,’ मी म्हणाले.

बाबांनी चमकून आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे पाहिलं.

‘पक्कं?’

‘पक्कं.’

‘ठीक आहे. मग असं ठरलं,’ आई म्हणाली. भैरवगढला प्रत्येक बैठकीच्या शेवटी ती हेच म्हणायची, ‘तो ये तय रहा.’ मग ती उठली, बाफले उलटले, आणि आम्ही जेवलो. बाबांनी मला दोनदा तूप वाढलं. दुसऱ्या दिवशी आई सकाळीच भैरवगढला गेली. भोपाळची तयारी होती.

पुढचे तीन आठवडे मी वाट बघत होते. तिने माझे कपडे शिवून घेतले, स्वेटर धुऊन ठेवले, जबलपूरला कोणती भाजी महाग असते ते शेजारी विचारून आली. प्रत्येक वेळी मला वाटायचं आता बोलेल. मी मुद्दाम तिच्यासमोर पेटी भरायची, मुद्दाम पुन्हा काढायची. तिला वाटलं मला घड्या नीट घालता येत नाहीत. तिने शेजारी बसून घड्या घालून दिल्या. इतकं एकटं मला पुढे जबलपूरच्या नव्या घरातही वाटलं नाही, जितकं त्या घड्या घालताना वाटलं.

भोपाळला मी तिच्याबरोबर गेले. उज्जैनच्या देवास गेट स्टँडवरून सकाळची बस, बावीस बायका, डब्यांत पुरी आणि बटाट्याची सुकी भाजी, आणि खिडकीशी बसायचं म्हणून भांडणं. ऑफिसात आम्हाला दुपारपर्यंत जिन्यात बसवून ठेवलं. साहेब भले होते, पण घाईत होते. त्यांनी बायकांवरून नजर फिरवली, आईच्या सुती साडीवर आणि फायलीवर ती थांबली, आणि ते म्हणाले, ‘मॅडम, आप ही बता दीजिए, सबका टाइम बचेगा.’ आईने फाईल रबिया बीच्या मांडीवर ठेवली. ‘साहब, काम ये करती हैं. ये बताएंगी.’

रबिया बी गप्प. जिच्या तोंडाला सगळा मोहल्ला भितो, ती रबिया बी खाली मान घालून फायलीची दोरी चाळवत बसली. साहेबांनी घड्याळ बघितलं. एक बाई आईला कोपराने ढोसू लागली की बोला तुम्ही. मलाही वाटलं, बोल ना आता, सगळं हातचं जाईल. आई तशीच बसून होती, तिच्या मानेवरची शीर उडत होती ती मला दिसत होती. आणि मग रबिया बीने मान वर केली.

‘साहब, वो ठप्पा लगाते थे, रंगती मैं थी, धोती मैं थी. वो गुजर गए तो कपडा नी रुका. आपका कार्ड रुक गया.’

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग सगळ्याच बोलल्या, एकमेकींना अडवत, हात पुढे करून नखं दाखवत. अर्धा तास ठरलेला होता, तो दीड तास झाला. वर्षभराने नियम बदलल्याचं आणि पहिलं कार्ड रबिया बीच्या नावाने निघाल्याचं मला जबलपूरला पत्रातून कळलं. पण त्या दुपारीच आईला कळलं होतं की झालं. बाहेर पडताना ती जिन्यात क्षणभर कठड्याला धरून उभी राहिली. मी तिला इतकं सुखी कधी पाहिलं नव्हतं. मला आनंद झाला, आणि लगेच मला फार राग आला, कारण मी तिच्या त्या गप्प बसण्याची किमया डोळ्यांनी पाहिली होती आणि ती माझ्यावर का चालली नाही ते मला समजत नव्हतं.

परतीच्या बसमध्ये बायका गात होत्या. मी आणि आई पुढच्या सीटवर, मागे रबिया बी. मी जाणार असल्याचं तिला कोणीतरी सांगितलं होतं. देवासच्या अलीकडे ती पुढे वाकली आणि आईला हळू आवाजात म्हणाली, ‘ताई, बच्ची से पूछते नी हैं. बच्ची को रोकते हैं.’ मी खिडकीकडे तोंड केलं आणि श्वास धरून बसले. आईने पदर सावरला. मग म्हणाली, ‘उसने खुद तय किया है, रबिया बी.’ तिच्या आवाजात अभिमान होता. निदान मला तेव्हा तो अभिमानच वाटला.

आम्ही गेलो त्या दिवशी ती स्टेशनवर आली होती. दशम्या आणि लिंबाचं गोड लोणचं दिलं, बाबांना पाण्याची सुरई दिली, आणि गाडी हलली तेव्हा खिडकीबरोबर चार पावलं चालली. पुढे मी सुट्टीत यायची, राहायची, परत जायची. बाबा रिटायर होऊन उज्जैनला परतले तोवर माझं लग्न होऊन मी इंदूरला आले होते. इंदूर-उज्जैन म्हणजे केवढंसं अंतर, पण एकदा पाहुणी म्हणून यायची सवय लागली की ती सुटत नाही. आईचं आणि माझं नातं फार चांगलं होतं असं सगळे म्हणतात. ते खरंही आहे. आम्ही एकमेकींकडे कधी काही मागितलं नाही.

आता बाबा नाहीत. आई उज्जैनमध्येच नानाखेड्याला एका कॉलनीत तळमजल्यावर राहते, नव्वदीला टेकली आहे, आणि गुडघे सोडून सगळं शाबूत आहे. मागच्या हिवाळ्यात मी तिच्याकडे गेले होते. उन्हात खुर्च्या टाकून आम्ही मटार सोलत होतो. नुकताच रबिया बीच्या नातीचा फोन येऊन गेला होता, ती आता स्वतःच्या नावाने दुकान चालवते, त्यावरून भोपाळ निघालं, भोपाळवरून बस निघाली. आणि मी, साठ उलटलेली बाई, मटाराची शेंग हातात धरून तिला विचारलं की मी तेव्हा राहावं असं तुला वाटत होतं का.

‘हो,’ आई म्हणाली. जणू मी वेळ विचारली होती.

‘मग बोलली का नाहीस?’

‘मी बोलले असते तर तू राहिली असतीस. माझ्यासाठी. ते मला नको होतं.’

‘मला राहायचंच होतं, आई.’

तिने शेंगांचं ताट मांडीवरून खाली ठेवलं. ‘तू तर लगेच जाते म्हणालीस. मी श्वास घ्यायच्या आत.’

‘तू अडवशील म्हणून म्हणाले.’

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला नीट सांगता येणार नाही. मला त्या दिवसापर्यंत वाटत होतं की सोडून दिलं गेलं ते मला. तिलाही इतकी वर्षं तेच वाटत होतं, स्वतःबद्दल, हे मला तेव्हा दिसलं. पोरीने बाबा निवडले, आणि आपण तो निर्णय मानला, असं धरून ती एवढी वर्षं चालली होती. कॉलनीत भाजीवाला ओरडत आला, थांबला, आमच्याकडे कोणी बघत नाही म्हणून पुढे गेला.

‘बैठकीत बाई खरं बोलत नाही गं,’ आई म्हणाली. ‘सगळ्यांसमोर कोण बोलणार. ते मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. म्हणून बैठकीच्या दुसऱ्या दिवशी मी एकेकीच्या घरी जायचे. तिच्या चुलीशी बसायचे, चहा घ्यायचे, आणि परत विचारायचे, काल म्हणालीस ते खरंच का. पुष्कळ जणी तेव्हा उलटं सांगायच्या.’ तिने चष्मा काढून पदराने पुसला, पण परत लावला नाही. ‘तुझ्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा गेले होते मी. सगळ्यांकडे गेले. तुझ्याकडे नाही आले.’